एकविसाव्या ओळीचा शेरा

कोणी नवा कॉम्प्युटर घ्यायचं म्हटलं की मावशी तीन प्रश्न विचारतात. मशीन कोणाच्या नावावर, बसणार कुठे, आणि उद्या त्याच्या आतला मुख्य बोर्ड गेला तर काय करणार. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसतं. नवी वस्तू घेताना ती बिघडायचा विचार कोण करतो? मावशी करतात. तीन उत्तरं हातात आल्याशिवाय त्या सिस्टिमची साधी होम एडिशन घ्या की महागडी प्रो घ्या हे सांगत नाहीत आणि एकदा सांगितलं की बदलत नाहीत.

चष्म्याची तीन दुकानं आणि त्यांच्या मागे काचा घासायचा एक छोटा कारखाना, एवढं त्यांचं राज्य. सगळे मिळून एकवीस कॉम्प्युटर. मावशी इथे लागल्या त्या फ्रेमच्या स्टोअरवर. तेव्हा कॉम्प्युटर एकच होता आणि संध्याकाळी त्यावर कापड टाकून ठेवत. त्याच्याबरोबर आलेले कागद कोण सांभाळणार, असं थोरल्या मालकांनी विचारलं. कुलूप लागणारं कपाट फक्त स्टोअरमध्ये होतं, म्हणून कागद तिकडे गेले. कागदांमागोमाग कॉम्प्युटरही मावशींच्या गळ्यात पडले. आज त्यांचं वय सत्तावन्न. कॉम्प्युटरचं कोणतंही सर्टिफिकेट त्यांच्याकडे नाही. वाचल्याशिवाय खोका फेकायचा नाही, हा त्यांचा सगळा अभ्यासक्रम.

दुकानातली मंडळी त्यांना पाठीमागे ‘होम-की-प्रो’ म्हणतात. मावशींना ते ठाऊक आहे. पाठीलाही कान असतात, असं त्या म्हणतात.

त्यांचा सल्ला मात्र सगळे घेतात. बिलिंगच्या वहिनींना मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. दुकानदार प्रो गळ्यात मारत होता. वहिनींनी तिथूनच फोन लावला आणि मावशींनी फोनवर त्याला विचारलं, की मुलीच्या लॅपटॉपचे पासवर्ड कोणत्या ऑफिसातून सांभाळायचे आहेत? डिस्कला कुलूप घालून त्याची किल्ली कोणाकडे ठेवायची आहे? दुसऱ्या टेबलावरून त्या मशीनमध्ये शिरून कोण काम करणार आहे? दुकानदाराने प्रोचा खोका परत फळीवर ठेवला. वहिनी होम घेऊन आल्या. दोन माणसांच्या घराला रखवालदार कशाला, हा मावशींचा हिशेब. याच्या उलटही होतं. होम म्हणजे ते फक्त घरात वापरायचं, असा एक समज आहे. त्यांच्याकडच्या सिस्टिमच्या करारात तसं कुठेही लिहिलेलं नाही आणि हे मावशी दर दोन महिन्यांनी कोणाला तरी समजावून सांगतात. ऑफिसात होम चालतं. फक्त वीस मशीनं झाली की एकेकाजवळ जाऊन पासवर्ड बदलताना पाय दुखतात, म्हणून प्रो.

लायसन्सचे दोन प्रकार त्या असे सांगतात. एक भिंतीसारखं, मशीनबरोबर आलेलं, बोर्डाला चिकटलेलं. बोर्ड गेला की तेही गेलं. दुसरं भाडेकरूसारखं, सुटं विकत घेतलेलं. एक घर सोडून दुसऱ्या घरात राहायला जाऊ शकतं. तिसरा प्रकार थोरल्या मालकांच्या मेहुण्यांनी शोधून काढला होता. इंटरनेटवर कुठेतरी किमतीच्या दहाव्या हिश्श्यात मिळालेली पंचवीस अक्षरांची किल्ली. पाच महिने झकास चालली. सहाव्या महिन्यात पडदा काळा आणि कोपऱ्यात, ही प्रत खरी नाही, अशी ओळ. मेहुणे किल्ली विकणाऱ्याला शोधत राहिले. मावशींनी वहीत त्या कॉम्प्युटरच्या पानावर तांबड्या शाईने नोंद केली आणि सुटं लायसन्स मागवलं.

ती वही म्हणजे त्यांचं खरं काम. प्रत्येक कॉम्प्युटरला एक पान. कोणती एडिशन, लायसन्स भिंत की भाडेकरू, स्टिकर कुठे चिकटवलेलं आहे, पावती कोणत्या फायलीत. खाली एक तारीख असते. त्या दिवसानंतर त्या सिस्टिमला कंपनीकडून अपडेट मिळणं बंद. माणसाला निवृत्तीचं पत्र मिळतं तशी ही तारीख मावशी मशीन आल्याच दिवशी लिहून टाकतात.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या एका मोठ्या हॉस्पिटलने चष्म्यांचं काम या दुकानांना द्यायचं ठरवलं. रुग्णांची माहिती दुकानाच्या कॉम्प्युटरवर येणार, म्हणून त्यांनी एक तक्ता भरून मागितला. दर कॉम्प्युटरला एक ओळ, शेवटी शेऱ्याचा रकाना. सगळ्यात खाली छापलेलं होतं, की वरील सर्व संगणक संस्थेच्या मालकीच्या वैध लायसन्सवर चालतात. त्याखाली जबाबदार व्यक्तीची सही.

कारभार आता थोरल्या मालकांची मुलगी पाहते. तिला सगळे मॅडम म्हणतात. सोमवारी सकाळी मॅडमनी तक्ता मावशींच्या टेबलावर ठेवला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. जो कॉम्प्युटर या तक्त्यात बसणार नाही तो महिनाअखेर भंगारात जाईल, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. मावशींसाठी हे म्हणजे पाणी पिण्यासारखं आहे, असंही म्हणाल्या.

मंगळवारी दुपारपर्यंत वीस ओळी भरून झाल्या. एकविसावी कोरी राहिली.

एकविसावा कॉम्प्युटर कारखान्याच्या मागच्या खोलीत आहे. तो काच घासायचं एक जुनं मशीन चालवतो. उणे चौदा, उणे सोळा असे जाड नंबर आणि तिरळेपणासाठी लागणाऱ्या तिरक्या काचा फक्त याच मशीनवर होतात. मशीन चालवणारे काका एकोणीस वर्षं त्याच स्टुलावर बसतात. वय एकसष्ट, साठीनंतरही कामावर ठेवलेले, बोलणं थोडं, ऐकणं त्याहून थोडं. मशीनच्या आवाजाने कान गेले आहेत. काच नीट बसली की नाही हे ते आवाजावरून नाही, मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवून ओळखतात.

आठ वर्षांपूर्वी एका शनिवारी या कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला. मशीन बनवणारी कंपनी तोवर बंद पडली होती. काच घासायचा प्रोग्रॅम नव्या बोर्डांवर चालत नव्हता आणि जुना बोर्ड बाजारात मिळत नव्हता. मशीनबरोबर आलेलं लायसन्स जळालेल्या बोर्डाबरोबर गेलं. मावशींनी दोन दिवस दुकानं पालथी घातली. थोरले मालक जाड नंबर बाहेरून करून घ्यायचं बोलू लागले होते. तिसऱ्या दिवशी मावशींच्या डोक्यात आलं, की अगदी हाच बोर्ड आपल्या घरी आहे.

घरचा कॉम्प्युटर यजमानांचा. ते निवृत्त भूगोल शिक्षक. एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचतात. मावशींनी त्यांना विचारलं असं म्हणता येणार नाही, सांगितलं. बोर्ड उपसून पिशवीतून कारखान्यात आणला, घरच्या सीडीवरून होम एडिशन चढवली, त्यावर काच घासायचा प्रोग्रॅम टाकला. किल्लीची अक्षरं घरी राहिलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यावरच्या स्टिकरवर होती. ती यजमानांनी फोनवरून वाचून दाखवली. कोडी रचणारा माणूस, त्यामुळे “बी, बटाट्यातला, सात, एक्स, म्हणजे फुली,” असं पंचविसाव्या अक्षरापर्यंत चाललं. पलीकडे काका पत्र्यावर हात ठेवून उभे होते. मशीन सुरू झालं.

एकच लायसन्स दोन ठिकाणी चालू नये म्हणून मावशींनी त्याच संध्याकाळी घरी दुसरा एक जुना बोर्ड बसवला आणि त्यावर फुकट मिळणारी, लायसन्स न लागणारी सिस्टिम टाकली. यजमानांचा कीबोर्ड त्या दिवसापासून बदलला. जोडाक्षरं जिथे हवीत तिथे पडेनात. दोन महिने ते घरात पाहुण्यासारखे बोलत होते.

वहीत मात्र मावशींनी एकविसाव्या पानावर, आधीच्या नोंदींखाली, एकच शब्द लिहिला होता. दुरुस्त.

तो खोटा नव्हता. पण लायसन्स दोन ठिकाणी नको, याची एवढी काळजी घेणाऱ्या बाईंनी ते कोणाच्या तरी नावावर हवं, हे पाहिलंच नव्हतं. जगाला विचारायचा पहिला प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. बोर्ड यजमानांच्या नावावर, पावती यजमानांच्या नावावर, मशीन मालकांचं. आठ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण कागद पाहणारी व्यक्ती एकच होती.

मंगळवारी दुपारी त्या मागच्या खोलीत गेल्या आणि काकांना मशीन बंद करायला लावलं, म्हणजे नीट ऐकू येईल. तक्त्यात काय छापलंय ते वाचून दाखवलं. काका स्टुलावरून वळून म्हणाले,

“सही करून टाका, ताई. बोर्ड कोणाचा, हे तुम्हाला माहीत आणि मला. मी काही बोलणार नाही.”

“तुम्ही नाही बोलणार. स्टिकर बोलेल. त्याची पावती या कंपनीच्या नावावर नाही.”

“मग?”

“मग खरं लिहावं लागेल.”

काकांनी फडक्याने एक काच पुसली. ती आधीच पुसलेली होती.

“म्हणजे मशीन भंगारात. आणि मी काय, पुढे दुकानात बसून लोकांचे चष्मे पुसू?” ते हसत म्हणाले, पण मशीन पुन्हा सुरू करायला त्यांनी वेळ लावला.

मावशींना निवृत्त व्हायला तीन वर्षं होती. आयुष्यभर त्यांची सही म्हणजे शंका नको असं समजलं गेलं आणि आता ती दोन्हीकडून अडली होती. केली तर खोटी. नाही केली तर त्या खोलीतलं स्टूल रिकामं.

घरी त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमान ‘नाकाचे ओझे’ या सूचनेसाठी तीन अक्षरी उत्तर जमवत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, की आठ वर्षांपूर्वी ज्या गोष्टीची परवानगी घ्यायला हवी होती ती आज घेतेयस का? मावशी हो म्हणाल्या. बोर्ड कंपनीला देऊन टाकल्याचं पत्र हवं होतं आणि ते यजमानांनीच लिहायला हवं होतं. लायसन्स बोर्डाला चिकटलेलं. बोर्ड गेला की त्याच्याबरोबर तेही रीतसर जातं. पत्राच्या बदल्यात घरी आता नवीन होम एडिशन आणते, असंही त्यांनी सांगितलं. तेव्हा कुठे यजमानांनी पेन खाली ठेवलं.

“अगं, तेवढं नको करूस. दोन महिने रडून हा कीबोर्ड शिकलोय. आता परत पहिलीत बसवू नकोस मला.”

पत्र त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. त्यात एक शुद्धलेखनाची चूक मावशींनी दाखवली, तेव्हा अख्खं पत्र पुन्हा लिहिलं. राहिलं स्टिकर. ते सोलायला गेलं तर फाटणार, म्हणून मावशींनी कॉम्प्युटरच्या डब्याचा डाव्या बाजूचा पत्रा स्क्रू काढून सोडवला आणि टॉवेलात गुंडाळला. घरचा कॉम्प्युटर तेव्हापासून एका अंगाने उघडा आहे. आत धूळ दिसते, म्हणून यजमान ती बाजू भिंतीकडे करून ठेवतात.

बुधवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर तक्ता, पत्र आणि तो पत्रा, तिन्ही वस्तू ठेवून मावशी उभ्या राहिल्या. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत. आठ वर्षांची गोष्ट त्यांनी दहा वाक्यांत सांगितली. चूक आपली, काकांची नाही, हे त्यातलं दुसरं वाक्य होतं.

मॅडमनी पत्रा उलटून त्यावरचं स्टिकर पाहिलं. मग त्यांनी विचारलं, की नवीन एडिशन विकत घेऊन का टाकत नाही. मावशींनी सांगितलं, प्रोग्रॅम चालत नाही. मालकीचा प्रश्न पत्राने सुटला तरी सिस्टिम जुनीच आहे. तिला पाच वर्षांपूर्वीच अपडेट येणं थांबलंय आणि तेही तक्त्यात लिहावं लागेल. मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. मशीनच काढून टाकू, जाड नंबर बाहेर पाठवू, असं त्या म्हणाल्या.

“बाहेर तीन आठवडे लागतात,” मावशी म्हणाल्या. “हॉस्पिटल आपल्याकडे का येतंय? साधा नंबर त्यांना कोपऱ्यावरचाही करून देईल. जाड नंबर चार दिवसांत देतो म्हणून येतायत.”

“आणि हा शेरा वाचून आलेले परत गेले तर?”

“तर माझ्यामुळे गेले. पण लपवून आणलेलं काम एक दिवस जाणारच, मॅडम.”

मॅडमनी फोन मावशींकडे सरकवला आणि म्हणाल्या, तुम्हीच बोला.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात एक गृहस्थ होते. आवाज संथ, प्रत्येक उत्तरानंतर लिहून घेतल्याची शांतता. त्यांनी कौतुक केलं नाही आणि रागावलेही नाहीत. मशीन नेटवर्कला जोडलंय का, विचारलं. नाही, ऑफिसातून पासवर्ड सांभाळायच्या व्यवस्थेत होम एडिशन घेता येत नव्हती आणि मावशींनी नेटवर्कची तारही कधी लावली नव्हती. रुग्णाचं नाव त्यावर येतं का? येत नाही, काका कागदावरून फक्त नंबर टाकतात. पेन ड्राइव्ह लावतात का?

“लावता येत नाही. भोकांवर चिकटपट्टी लावलीय. पट्टीवर माझी सही आहे.”

पलीकडे पहिल्यांदाच लिहिण्याची शांतता मोडली. गृहस्थ हसले असावेत.

“बाई, तुम्ही आमच्याकडे का नाही नोकरीला?” असं म्हणून ते पुन्हा कामावर आले. शेऱ्यात सगळं लिहा, म्हणाले. बोर्ड कुठून आला, पत्र कोणाचं, तार नाही, पट्टी आहे, सगळं. पण एवढ्यावर भागणार नाही. जुनी सिस्टिम कायमची चालवायला त्यांचं हॉस्पिटल परवानगी देत नाही. मशीन बदलण्याची पक्की तारीख शेऱ्यात हवी. तीन वर्षांच्या आतली कोणतीही चालेल, पण एकदा लिहिली की तीच. त्या दिवशी मशीन बंद.

फोन ठेवल्यावर मॅडमनी मोकळा श्वास घेतला. एक वर्ष लिहा, म्हणाल्या, सुटसुटीत. मावशींनी शुक्रवारपर्यंत वेळ मागून घेतला. एका तारखेला दोन दिवस कशाला, हे मॅडमना कळलं नाही, पण त्यांनी दिला.

मावशींच्या वहीत एकवीस पानांवर एकवीस तारखा आहेत. एकही त्यांनी ठरवलेली नाही. सगळ्या छापून आलेल्या. ही एक तारीख पहिल्यांदाच त्यांना द्यायची होती आणि ती नुसती मशीनची नव्हती. नव्या मशीनवर पत्र्याला हात लावून काही कळत नाही. तिथे पडद्यावर बघायचं असतं. ते काका शिकणार नाहीत, हे मावशींना माहीत होतं आणि काकांनाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्या मागच्या खोलीत गेल्या. मशीन बंदच होतं. काका डबा उघडून बसले होते. मावशींनी फोनवर काय झालं ते सगळं सांगितलं. मशीन राहतंय म्हटल्यावर काकांनी मान डोलावली. तीन वर्षांच्या आत जाणार म्हटल्यावरही तशीच डोलावली.

“काका, तुम्हाला अजून किती दिवस काम करायचंय?”

काकांनी आधी कान पुढे केला. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मावशींनी प्रश्न पुन्हा विचारला, तोच, त्याच शब्दांत.

एकोणीस वर्षांत कोणी हे विचारलं नव्हतं. काकांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. मग म्हणाले, घरी विचारून सांगतो.

शुक्रवारी सकाळी ते कारखान्यात जायच्या आधी स्टोअरमध्ये आले. बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर तारीख लिहून आणली होती. आजपासून दोन वर्षं, चार महिने आणि काही दिवस. धाकट्या मुलीची शेवटची परीक्षा त्या आठवड्यात संपते, एवढंच स्पष्टीकरण त्यांनी दिलं. बायकोने आधी तीन पूर्ण वर्षं सांगितली होती. मग म्हणाली, थोडं आधीच या, घरी तुमच्याशी ओरडून बोलायला माझा घसा उरला पाहिजे. हे सांगताना ते हसले.

मावशींनी शेरा लिहायला घेतला. रकाना पुरेना, म्हणून जोडपत्र लावलं. शेवटी काकांची तारीख जशीच्या तशी उतरवली, खाली सही केली आणि कागद मॅडमकडे नेले.

मॅडमनी एकविसावी ओळ वाचली, जोडपत्र वाचलं, तारखेवर बोट ठेवलं. ना वर्षाअखेर, ना महिनाअखेर. मधलाच कुठला तरी मंगळवार.

“ही तारीख कुठून काढलीत, मावशी?”

“विचारून.”

मॅडमनी बोट उचललं आणि कागद पाकिटात घातले.